मधल्या वेळचं दूध

सँडलचा पट्टा तुटला म्हणून ती फिरणं अर्धवट टाकून घरी परतली, नाहीतर तिला हे कधी कळलंच नसतं, आणि न कळण्यात ती चांगली सुखात होती. बागेच्या फाटकापाशीच पट्टा निसटला. तिथे बाकावर दोन म्हातारे बसले होते, ते तिच्या लंगडण्याकडे टक लावून बघायला लागले, कारण म्हाताऱ्यांना दुसरं काम नसतं. एक सँडल हातात आणि एक पायात अशी ती जिना चढली. वर घरात बाळ कॉटमध्ये नव्हतं, सासूबाई खुर्चीत नव्हत्या आणि पंखा मात्र गरगरत होता. पंखा चालू ठेवून निघून जाणं हा सासूबाईंचा जुनाच रोग. बाळाला घेऊन त्या खाली धाकट्या सुनेकडे गप्पा छाटायला गेल्या असणार, हे उघड होतं. ती एक मजला उतरली. धाकट्या जावेचं दार नेहमीसारखं सताड उघडं. आत टीव्ही लागलेला, आणि सोफ्यावर धाकटी मांडी घालून, गाऊनची बटणं सोडून बसलेली. डोळे टीव्हीवर आणि अंगावर मूल. आधी तिला वाटलं, ती धाकटीची लेक, गोटी आहे. मग तिला पावलं दिसली. गोटीची पावलं फुगीर होती, ही लांबट होती, आणि एका पावलात पिवळा मोजा होता. तो मोजा सकाळी तिनेच घातला होता. दुसरा कुठेतरी पडला असणार, या घरात वस्तू पडतातच.

तिला कुणी पाहिलं नव्हतं. टीव्हीवर एक बाई दुसऱ्या बाईच्या थोबाडीत मारत होती आणि तीच थप्पड पुन्हा पुन्हा दाखवत होते. ती दारातच उभी राहिली. ओरडावं असं तिला वाटलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिने पाहिलं ते एवढंच की बाळ सावकाश पीत होतं. एक हात धाकटीच्या छातीवर सपाट ठेवला होता, मधेच थांबत होतं, उसासा टाकत होतं, पुन्हा पीत होतं. तिच्याकडे ते असं कधी पीत नसे. तिच्याकडे ते झटपट उरकायचं, दोन-चार घोट घेऊन तोंड बाजूला करायचं, आणि ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची, की माझं लेकरू वेळ दवडत नाही, माझ्यावर गेलंय.

बाळंतपणाची रजा लागेपर्यंत ती बसडेपोत गाड्यांचं वेळापत्रक बसवायची. कुठली गाडी केव्हा सुटेल, कुठल्या स्टॉपवर किती थांबेल, ड्रायव्हर जेवायला कधी उतरेल आणि लघवीला कधी जाईल, हे सगळं ती एका टेबलाशी बसून ठरवायची. ड्रायव्हर मंडळी पाठीमागे तिला घड्याळबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. हे शहर म्हणजे तिच्या लेखी ढिसाळ, जांभया देणाऱ्या, चुकीच्या खिशात किल्ल्या शोधणाऱ्या माणसांचा ढीग होता, आणि त्या ढिगातून गाड्या धावतात त्या केवळ तिच्यामुळे. तिच्या नवऱ्याला कामाबद्दल विचारलं तर तो 'चाललंय' म्हणायचा. काय चाललंय हे त्यालाही सांगता आलं नसतं. कशाबद्दलही विचारलं तरी 'तू म्हणशील तसं' म्हणायचा, लोक शिंकतात तितक्या सहज. अशा माणसाशी लग्न करण्यात एक सोय असते, असं तिने मैत्रिणीला एकदा सांगितलं होतं, आणि मैत्रीण हसली तेव्हा तिला मैत्रिणीचाही कंटाळा आला होता.

बाळाला महिना झाल्यावर तिने चार्ट केला आणि फ्रिजच्या दारावर लावला. दर तीन तासांनी पाजायचं. मग ढेकर, मग थोडा वेळ जागं ठेवायचं, मग झोप. मधे रडलं तर मांडीवर घ्यायचं नाही, अंगावर तर नाहीच नाही. दुपारचा एक रकाना तिने हिरवा रंगवला होता आणि त्यात लिहिलं होतं, 'आई मोकळी'. त्या रकान्यात ती फिरायला जायची. सासूबाई चार्टसमोर चष्मा वर-खाली करत बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अगं, बाळ आहे ते. बस आहे का?" तिने म्हटलं होतं, "बस असती तर एव्हाना सुटली असती, आई." नवरा म्हणाला होता, तू म्हणशील तसं. आणि धाकटी, जिला कुणी विचारलं नव्हतं, ती आपली गोटीला काखोटीला मारून दारात उभी राहून म्हणाली होती, "बापरे वहिनी, मला तर मेलं आजचा वार कुठला तेही आठवत नाही." ते खरंच होतं. धाकटी गोटीला फोनवर बोलता बोलता पाजायची, भाजी निवडताना पाजायची, जिन्यात शेजारणीशी गप्पा मारताना पाजायची. तिच्या गाऊनवर कायम दोन ओले डाग असत आणि केसांना कंगवा लागलेला नसे. पूर्वी धाकटी एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. तिथले लोक तोंड उघडूनच आत येत असतील, हिला पाहून मिटत असतील, असं तिने आपल्या नवऱ्याला ऐकवलं होतं. नवरा त्यावर हसला नव्हता. आपल्या भावाच्या बायकोबद्दल त्याला नको तितकी माया होती.

आणि चार्ट लागू पडला होता! हेच तर होतं. पहिल्या आठवड्यात बाळ दुपारी रडायचं, सासूबाईंचा चेहरा उतरायचा, पण ती हिरव्या रकान्यात पायात सँडल घालून निघून जायची आणि कोपरा वळेपर्यंत मागे बघायची नाही. मग एक दिवस ती परतली तर बाळ शांत झोपलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही शांत. "रडलं का?" तिने विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "फार नाही." तिला विजय मिळाल्यासारखं झालं. बाळ शिकलं. माणसाचं पिल्लू म्हणजे काय, सवयीचा गुलाम, त्याला फक्त कुणीतरी ठामपणे सांगायला लागतं. डेपोत एक ड्रायव्हर होता, मिशीवाला, त्याची गाडी कधी म्हणजे कधी उशिरा येत नसे. इतरांच्या गाड्या रखडायच्या, याची कायम वेळेवर. तिने त्याचं नाव बक्षिसासाठी पुढे केलं होतं, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कुणीतरी तिला सांगितलं की तो मधल्या स्टॉपवर गाडी थांबवतच नाही, हात केलेली माणसं तशीच उभी राहतात. तेव्हा तिने त्या ड्रायव्हरला बोलावून तंबी दिली होती, पण मनातून तिचा राग होता तो त्या हात करणाऱ्या माणसांवर. ही माणसं अशीच, ऐनवेळी धावत येणारी. शिवाय बक्षीस दिलेलं होतं, ते परत कुठे मागणार.

तिची आई चार मुलांची आई होती, आणि तिच्या आठवणीत आईचा ब्लाऊज कधी नीट लावलेला नव्हताच. धाकटा भाऊ रडला की आई जिथे असेल तिथे बसायची आणि उघडी व्हायची. एकदा शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, तिच्या चित्राला बक्षीस मिळालं म्हणून सांगायला. आई त्यांच्यासमोर खुर्चीत बसून भावाला पाजत, हसत, 'हो का, हो का' म्हणत राहिली, आणि भावाने तोंड काढलं तेव्हा एक पांढरी चिळकांडी थेट बाईंच्या पर्सवर उडाली. त्यांनी रुमालाने पर्स पुसली. ती मात्र त्या दिवशी आतल्या खोलीत पलंगाखाली जाऊन बसली होती आणि तिथल्या धुळीत तिने ठरवून टाकलं होतं, की आपण असं व्हायचं नाही. गाईम्हशींसारखं तर नाहीच नाही. आईला आंबट वास यायचा. त्या वासात शिरून झोपायला मिळावं म्हणून ती कधीकाळी भावाला ढकलायची, हेही तिला आठवत होतं, पण ती आठवण ती सहसा वर येऊ देत नसे.

खरं म्हणजे चार्टच्या आधीचा महिना तिला आठवायचाच नव्हता. त्या महिन्यात ती रडलं की पाजत होती, आईसारखी, धाकटीसारखी, जगातल्या सगळ्या बावळट बायकांसारखी. दिवस आणि रात्र यांची सरमिसळ झाली होती. ती ज्या खुर्चीत बसायची तिच्यावरून उठायची, पुन्हा तिथेच येऊन बसायची, आणि एकदा आरशासमोरून जाताना तिला आत एक अनोळखी बाई दिसली होती, तोंड उघडं असलेली. तिला बाळाची भीती वाटायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या एवढ्याशा तोंडाची, न थकणाऱ्या जबड्याची भीती. ते तिला पिऊन टाकेल आणि मागे टेबलाशी बसून गाड्या सोडणारी कुणी उरणारच नाही, असं तिला न्हाणीघरात नळ सोडून रडताना वाटलं होतं. चार्ट लावला त्या दिवशी ती महिन्याभरात पहिल्यांदा जेवण चावून जेवली. मधल्या वेळात छाती दगडासारखी व्हायची, काखेपर्यंत ठणकायची, पण ठणकू दे म्हणायची ती. शरीरही शिकेल. शरीर म्हणजे तरी काय, डेपोतला नवा ड्रायव्हर.

आणि परवा मुलांच्या डॉक्टरीणबाई वजनकाट्यावरून बाळाला उचलत म्हणाल्या होत्या, "वा, काय बाळसं धरलंय! काय करता तरी काय?" तिने चार्टबद्दल सांगितलं होतं, रकाने, रंग, सगळं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले आणि त्याची एक प्रत मागितली, दवाखान्यात लावायला, इतर आयांना दाखवायला. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्या भिंतीवरच्या मासोळ्यांच्या चित्राकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होत्या की तिला वाटलं, म्हातारीला काही दिसत नाहीसं झालंय. तिने प्रत दिली होती. खाली बारीक अक्षरात स्वतःचं नावही टाकलं होतं.

सासूबाई चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात तिला पाहून थबकल्या. कप बशीत वाजले.

"आलीस?" त्या म्हणाल्या. आणि त्यात काही खुलासा असल्यासारखं पुढे म्हणाल्या, "लवकर आलीस."

"पट्टा तुटला."

धाकटीने मान वळवली. अंगावर काही ओढून घ्यावं, निदान दचकावं, तेही नाही. "या ना वहिनी, बसा. संपतच आलंय त्याचं," ती म्हणाली, जसं काही ते बाळ तिच्या फोनवर बोलत होतं आणि आता ठेवणार होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"अगं, ऐक तर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि हातांना काही काम उरलं नाही म्हणून पदर चाचपला. "तू फिरायला गेलीस की हा सुरू व्हायचा. तू सांगितलं होतंस म्हणून मी रडू दिला. चार दिवस रडू दिला. निळाजांभळा व्हायचा गं. माझ्याच्यानं नाही ऐकवलं. हिला दूध आहे, भरपूर आहे. घरच्या घरातच तर आहे."

"मला फोन करायचा."

"तू काय म्हणाली असतीस?"

ती 'राहू दे रडू' म्हणाली असती. हे दोघींनाही माहीत होतं.

"आणि मी सकाळी उशिरापर्यंत झोपते तेव्हा? तेव्हाही तो रडत नाही हल्ली."

उत्तर धाकटीने दिलं, तेही टीव्हीचा आवाज बारीक करत. "भाऊजी आणून देतात की. ऑफिसला जाण्याआधी. तुमची झोप मोडू नये म्हणून बिचारे चप्पल हातात घेऊन उतरतात."

तिच्या डोळ्यांसमोर तो आला, तू म्हणशील तसं म्हणणारा, एका हातात चप्पल आणि एका हातात मूल घेऊन चोरासारखा जिना उतरणारा. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने काहीतरी वक्तशीरपणे केलं होतं, आणि तेही रोज. म्हणजे सगळ्या घराने एक वेगळंच वेळापत्रक बसवलं होतं, तिच्या वेळापत्रकाच्या फटीफटीतून, आणि ते तिच्यापेक्षा चोख चाललं होतं. डेपोतही हेच चालत असेल, असं तिला एकदम लख्ख दिसलं. हो मॅडम म्हणायचं आणि आपली गाडी आपल्या हिशेबाने हाकायची. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून हसायचं. किंवा हसायचंही नाही. सांभाळून घ्यायचं, वेडसर माणसाला घेतात तसं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला कसं सांगायचं वहिनी," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुम्ही इतक्या खूश होता." मग तिने नाक खाजवलं. "आणि खरं सांगू का, मी काही फार मोठं पुण्य नाही केलं. हा वर रडायला लागला की मला खाली सिरियलमधलं एक अक्षर ऐकू यायचं नाही."

म्हणजे हे असं होतं. तिच्या लेकाचं बाळसं, ज्याच्या जोरावर चार्टची प्रत दवाखान्याच्या भिंतीवर लागली होती, ज्यासाठी कुठकुठल्या आया आपापल्या पोरांना रडत ठेवून घड्याळाकडे बघत बसल्या असतील, ते बाळसं एका गबाळ्या बाईला सिरियल नीट ऐकू यावी म्हणून आलेलं होतं. तिला संताप आला. संताप तिला ओळखीचा होता, त्यात उभं राहता येत होतं. या बाईचा, या म्हातारीचा, त्या चप्पल हातात घेणाऱ्या शेळपटाचा, आणि मासोळ्यांच्या चित्राखाली बसून वा वा करणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईचाही. पण संतापाखाली आणखी काहीतरी होतं आणि ते तिला ढकलत होतं. तिला रडू येत होतं. बाळाचा तो सपाट ठेवलेला हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

बाळाने तोंड सोडलं. ओठांवर दूध, डोळे अर्धे मिटलेले, गाल लाल. "घ्या," धाकटी म्हणाली आणि तिने ते उचलून पुढे केलं. ती पुढे आली, एका पायात सँडल तशीच होती, आणि बाळाला घेऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. खाली एक रबरी बदक चेपलं गेलं. चार्टप्रमाणे त्याची वेळ होतच आली होती. तिने कुर्त्याची बटणं सोडली. दुसऱ्यांसमोर ती हे पहिल्यांदाच करत होती, पण आता थांबणं शक्य नव्हतं. छाती ठणकत होती, शिरा वर आल्या होत्या. तिने बाळाचं तोंड जवळ नेलं. त्याने मान वळवली. तिने दुसऱ्या बाजूला घेतलं, प्रसूतिगृहातल्या नर्सने शिकवलं होतं तसं गालाला बोट लावलं, ओठांवर एक थेंब पिळला. त्याने ओठ घट्ट मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि ते धाकटीच्या दिशेने तोंड करून झोपून गेलं.

"राहू दे गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पोट भरलंय त्याचं."

"मला कळतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीत गोटी उठली. ती उठायची तेव्हा साऱ्या इमारतीला कळायचं. धाकटी आत जाऊन तिला घेऊन आली. नऊ महिन्यांची जाडगेली पोर, नाकातून वरच्या ओठापर्यंत शेंबूड, हुबेहूब आईचं थोराड तोंड. ती बोंबलत धाकटीच्या गाऊनला लोंबकळली, आणि धाकटी हसायला लागली. "आता तुला कुठून देऊ गं? दोन्हीकडे रिकामं करून ठेवलंय तुझ्या भावाने. थांब, घटकाभर थांब." गोटी थांबणाऱ्यांतली नव्हती. तिने आणखी वरचा सूर लावला.

आणि इकडे सोफ्यावर तिला पान्हा फुटला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. छातीत आधी मुंग्या आल्या, मग दोन्हीकडून धारा लागल्या, कुर्ता भिजला, बाळाच्या टोपड्यावर थेंब पडले, ते तसंच झोपून होतं. तिने तळहाताने दाबून धरलं, तर बोटांमधून यायला लागलं. या पोरीसाठी! जिच्या नाकाकडे बघवत नव्हतं त्या पोरीसाठी. तिचं शरीर इतकं निर्लज्ज असेल असं तिला वाटलं नव्हतं. सासूबाईंनी मान वळवली. धाकटीने मात्र वळवली नाही, ती बघत राहिली, आणि गोटी तिच्या काखेत लाथा झाडत राहिली.

तिने झोपलेल्या बाळाला उचलून सासूबाईंच्या हातात दिलं.

"आण तिला इकडे," ती म्हणाली. "आधी नाक पूस."

धाकटीने गाऊनच्या टोकाने नाक पुसलं, अर्थातच नीट पुसलं नाही, आणि गोटीला पुढे करताना क्षणभर घुटमळली.

"वहिनी, दात आलेत हं तिला. चावते."

"चावू दे," ती म्हणाली आणि पोरीला ओढून घेतलं.